आक्काच्या दाराला कडी

मुंबईहून आलेल्या एका सिनेमावाल्याने आमच्या बागेच्या राखणदाराला फसवलं. त्याच्याच पाषाणासमोर उभं राहून, हात जोडून, शब्द देऊन फसवलं. यंदा पौष लागला, खळ्यात सुपारी सोलायला माणसं बसली, तेव्हापासून हे वाक्य रोज माझ्या तोंडात येतं आणि दिवसभर उतरत नाही.

सुपारी सोलायचे दिवस मला एरवी वर्षात सगळ्यात आवडायचे. सकाळचा गारठा पोफळींच्या बुंध्यांत उशिरापर्यंत अडकून राहतो. खळं नुकतं सारवलेलं असतं, आणि त्यावर वाळून खडखडीत झालेल्या सुपारीचे ढीग. पात्यावर सुपारी दाबली की साल करकर फाटते, तिची बारीक धूळ नाकात जाते, घशाला खवखव सुटते. मागून मोहोराचा वास येतो. हात कामात असतात आणि तोंड मोकळं असतं. म्हणून दर वर्षी आमच्या खळ्यात गप्पा होतात, आणि कोणी सुरुवात केली कोण जाणे, त्या गप्पा भुतांच्या सिनेमांवरच होतात.

मी सुपारीचा व्यापारी. सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधून नांदगावच्या तिठ्यावर उभा राहायचो, तिथून इथपर्यंत आलो. मला कोणी शिकवलं नाही, कोणी हात दिला नाही. समोरच्याच्या डोळ्यांवरून भाव ओळखायचा, एवढ्या एका विद्येवर मी उभा आहे. बाग माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची. मेहुणे गेले, मुलगा मुंबईला. वाडीपासून लांब, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, त्या बागेतल्या घरात आक्का एकटी राहते. सुपारी मी घेतो आणि तिच्याच खळ्यात सोलून घेतो.

सोलणाऱ्यांत बाबल सगळ्यात जुना. वाडीचा मानकरी, देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारा, आणि भुतांच्या जुन्या हिंदी सिनेमांचा पक्का भक्त. तरुणपणी व्हिडिओच्या मांडवात बसून त्याने ते सगळे पाहिले. त्याचं मत ठाम. "गाडी बंद पडाक व्हयी, पावस व्हयो, चौकीदाराच्या हातात कंदील व्हयो. आणि शेवटाक देवळातली घंटा वाजाक व्हयी. घंटा नाय तर पिक्चर नाय."

त्याच्यासमोर निलेश. कॉलेज करून घरी बसलेला, फोनवर जगातले सिनेमे बघणारा, पाहिलेल्या प्रत्येकाला तारे देणारा. तो म्हणायचा, "बाबलकाका, तसा आता कोण घाबरणा नाय. आताच्या पिक्चरात भूत दिसाकच नको. घरातला दुख्ख हेच भूत."

"मगे पिक्चर कित्याक बघूचो?" बाबल पात्यावरून मान न उचलता म्हणायचा. "दुख्ख घरात बसान दिसता."

आणि मंगल. नवरा बोटीवर, जिभेला धार. "माका एक सांगा रे. सगळ्या पिक्चरात भूत बाईच कशी? मेल्यावर पण पांढरी साडी तिनाच नेसूची आणि केस तिनाच सोडूचे. बापयांका मरण येणा नाय काय? आणि त्या बंगल्यात भांडी घासूक माणूस गावत नाय, भूत मात्र बारमाही."

मी हसायचो. माझं स्वतःचं मत व्यापाऱ्याचं होतं. भीती हा माल आहे. जुना सिनेमावाला तो उसना द्यायचा आणि शेवटी घंटा वाजवून, सूर्य उगवून परत घ्यायचा. मांडवात माणूस जसा गेला तसा बाहेर यायचा, उलट थोडा हलका होऊन. नवे सिनेमावाले हुशार. ते शेवट अर्धवट सोडतात, भीती तुमच्या पदरात टाकतात आणि निघून जातात. निलेश त्याला कला म्हणायचा. मी त्याला वेगळा शब्द वापरायचो, तो इथे लिहीत नाही.

आक्का या गप्पांत नसायची. ती चुलीवरून कोरा चहा आणायची, म्हणायची, "भुतांका तुमच्याशिवाय काम नाय वाटता," आणि आत जायची. तिला सिनेमे कळायचे नाहीत. कारण, मला आता वाटतं, तिला भीतीच माहीत नव्हती. तिच्या दाराला कडी होती, पण ती लावलेली मी कधी पाहिली नाही. गंज धरून जागच्या जागी चिकटली होती. बाजाराला निघाली की ती शिवेवरच्या सातविणीच्या झाडाकडे बघून मोठ्याने सांगायची, "मी जाऊन येतंय हां. बागेत लक्ष ठेव." सातविणीखाली राखणदाराचा पाषाण आहे. बाकीच्यांसाठी तो देवचार, वचकून राहायचा शिवेवरचा देव. आक्कासाठी तो घरातलाच कोणी थोरला, जरा कमी बोलणारा. पौषात त्याला राखण द्यायची, म्हणजे रोट ठेवायचा, विडी ठेवायची, नव्या वहाणा ठेवायच्या. तिन्हीसांजेला तो शिवेवरून फिरतो, काठी टेकत. ठक, ठक. आक्काला तो आवाज आला की ती भाताखालचा जाळ मागे ओढायची. दिवस संपला, राखणाऱ्याचा सुरू झाला.

गेल्या पौषात तो सिनेमावाला आला. दिग्दर्शक. सिनेमासाठी बाग शोधत फिरत होता, कोणीतरी आमच्याकडे पाठवला. येऊन थेट खळ्यात मांडी घालून बसला. सुपारी सोलायला गेला, अंगठा कापून घेतला, मंगलने पदराची चिंधी बांधली. बाबलच्या घंटेला त्याने मान डोलावली, निलेशच्या दुःखाला डोलावली. मंगलचं ऐकून म्हणाला, "ताई, तुम्ही लिहायला हवं." मंगलसारखी मंगल लाजली. सगळ्यांना त्याने चार दिवसांत खिशात घातलं. मला घालू शकला नाही. माझ्याशी त्याला घर, वीज, तुडवली जाणारी रोपं, मोडणाऱ्या झावळ्या, विहिरीचं पाणी, एकेका गोष्टीच्या पैशावरून झगडावं लागलं, आणि शेवटी तो घामाघूम झाला.

आक्काला त्याने विचारलं, "इथे एकट्या राहता, भीती नाही वाटत?"

"एकटी खंय?" आक्का म्हणाली. "तो आसा मां."

मग तिने त्याला सगळं सांगितलं. काठी, वहाणा, दर वर्षी जुन्या वहाणांचे तळ कसे झिजलेले असतात ते. तो ऐकत राहिला. मला म्हणाला, "काका, मला हीच गोष्ट करायची आहे."

"त्याला कसा दाखवणार?" मी विचारलं.

"जसा आहे तसा."

मी म्हटलं, हे माझ्यासमोर बोलू नकोस, त्याच्यासमोर बोल. आमच्याकडे कागदावरची सही मोडते, पाषाणासमोरचा शब्द मोडत नाही. आजवर मोडलेला मी पाहिला नाही. सातविणीखाली बाबलने गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा म्हाराजा, लांबसून इलेलो हो झील आज तुझ्या शिवेत उभो रवलो आसा. तुझी गोष्ट जशी आसा तशी जगाक सांगतलंय म्हणता. त्येच्या कामाक यश दी. त्येच्या माणसांच्या पायात काटो मोडू देव नको. त्येका तुझो म्हणान जप."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं. सगळ्यांत मोठ्याने तोच म्हणाला. हात जोडलेले, अंगठ्याला मंगलची चिंधी.

आणि शूटिंगभर राखणदाराने जपलं. एक भला मोठा दिवा उंचावरून पडला, कोणाला खरचटलंही नाही. त्यांच्या कपडेपटात नागपूरकडची एक मुलगी होती. एकदा तिन्हीसांजेला ती व्हाळाच्या कडेने चालत गेली आणि पोफळींत वाट चुकली. आमच्या बागेत सगळे बुंधे सारखे, नवख्याला दिशाच कळत नाही. फोनला रेंज नाही. ती रडकुंडीला आली, तेव्हा पुढे काठी टेकल्याचा आवाज आला. ठक, ठक. कोणीतरी शेतकरी असेल म्हणून ती त्या आवाजामागून चालत राहिली. माणूस दिसला नाही, पण आवाज पुढे पुढे जात राहिला, आणि ती आक्काच्या मागच्या दारात पोचली. आक्काने तिला पेज वाढली. दुसऱ्या दिवशी तिने खळ्यात सगळ्यांसमोर हे सांगितलं. सांगताना तिच्या अंगावर काटा होता, आणि ती हसत होती.

"त्येनाच हाडल्यान तुका घराक," आक्का म्हणाली. तिच्या आवाजात कसला अभिमान होता, मी सांगू शकत नाही. भाऊ पहिला आल्यावर बहीण बोलते तसा.

दिग्दर्शक तिथेच होता. तो गप्प झाला होता, स्वतःच्या हाताकडे बघत बसला होता. मला वाटलं, त्याला ते भिडलं. जन्मभर गिऱ्हाइकाचं तोंड वाचत आलो मी. गिऱ्हाईक अचानक गप्प होतं, तेव्हा त्याला ढिगात काहीतरी असं सापडलेलं असतं, ज्याची किंमत विकणाऱ्याला ठाऊक नसते. हे मला माहीत आहे. त्या दिवशीही माहीत होतं. पण ज्याने पाषाणासमोर हात जोडले त्याच्यावर ही विद्या वापरायची नसते, असं आम्हाला वाढवलं गेलंय. यात माझी चूक आहे असं कोणी म्हणत असेल तर त्याने समोर येऊन म्हणावं.

सिनेमा गणपतीत आला. फोनवर, टीव्हीवर, जिथे हवा तिथे. मुंबईचे चाकरमानी घरी आलेले, वाडी भरलेली. आक्काने सगळ्यांना दुपारी बोलावलं, तिचं घर सिनेमात होतं ना. करंज्या तळल्या. भाच्याने मुंबईहून मोठा टीव्ही आणला होता. बाहेर पाऊस, आत माणसांची दाटी, आणि पडद्यावर आमची बाग. आक्का पुढे बसून बोट दाखवत होती. "ती बघ माझी तुळस. ती बघ माझी घागर." मंगल म्हणाली, "घागर बरी दिसता गो, एखादो संवाद तरी देवक व्हयो होतो तिका."

मग तो प्रसंग आला. एक मुलगी पोफळींत वाट चुकते. तिन्हीसांज. ठक, ठक. ती आवाजामागून चालते. पुढे वहाणा दिसतात, झिजलेल्या तळाच्या. आवाज तिला नेतो, नेतो, आणि आक्काच्या मागच्या दाराशी आणतो. दार उघडं असतं. आणि त्या दारात तो तिला मारतो. कसं मारतो ते मी लिहिणार नाही. आमचा राखणदार. आक्काच्या उंबऱ्यावर. सिनेमाच्या शेवटी आवाज थांबत नाही. काळोख्या पडद्यावर नावं वर सरकत जातात आणि खाली ठक, ठक चालूच राहतं.

आक्का उठली, करंज्यांचं ताट उचललं, आणि ज्याला त्याला पुन्हा वाढू लागली, जणू वाढायचं राहिलं होतं. तिने कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी मी निघालो. अंगणाच्या टोकाला पोचलो तेव्हा मागून आवाज आला. गंजलेलं लोखंड ओरबाडत सरकल्याचा. आक्का कडी लावत होती. ती लागत नव्हती. आत जाऊन तिने खोबरेल आणलं असणार, कारण थोड्या वेळाने कडी मुकाट बसली.

तेव्हापासून रोज. दिवे लागायच्या आधी दार बंद, मागचंही. मला फोन करते, "येतंस काय रे? जरा बसाक." मी जातो. आम्ही दोघं बंद दारांच्या आत बसतो. तिन्हीसांजेला तो आवाज येतो, कधी येतो, कधी नाही, पण ती कान देऊन असते, आणि आला की माझं मनगट धरते. ज्या आवाजाने ती जाळ मागे ओढायची आणि निवांत व्हायची, तोच आवाज. एकदा पुटपुटली, "माका म्हायत आसा तो तसो नाय. पण डोळे मिटले की पिक्चरातलोच दिसता." आणि मग, अगदी हळू, "त्येका काय वाटत असतला रे? दारात येता, आणि दार बंद."

मी चहा टाकायला उठलो.

या पौषात खळं पुन्हा मांडलं. पात्यावर साल फाटते, धूळ उडते, पण गप्पांना चव नाही. निलेशने सिनेमाला सगळे तारे दिले होते. खाली लिहिलं होतं, मातीतला भयपट, अस्सल फोक हॉरर. मी त्याला सगळ्यांसमोर धरला.

"अस्सल काय रे त्येच्यात?"

"भाई, तुमी कथा म्हणान बघा. ती कला आसा. राखणदार म्हणजे थयसर जुन्या समाजाची दहशत. तो प्रतीक आसा."

"प्रतीक तुझ्या घरात ठेव. माझ्या भयणीच्या घरात कडी लागली."

"तुमी भावनिक होतास."

"होतंय," मी म्हटलं. "भावनिक होतंय. तुझी आई अशी कडी लावन बसली असती तर तू किती तारे दिले असतंस?"

त्याने फोन खिशात घातला. हुशार मुलगा आहे, वाईट नाही. पण ज्यांना भीती विकत घ्यावी लागते, त्यांना ती कुणाच्या घरात उतरते याचा पत्ता नसतो. मंगल त्याला म्हणाली, "तू म्हणत होतंस मां, घरातला दुख्ख हेच भूत. जा, आक्काच्या माजघरात बसलेला आसा. जाऊन बघ."

बाबलने त्या सिनेमावर एकही मत दिलेलं नाही. ज्याने आयुष्यात पाहिलेल्या प्रत्येक भुतावर मत दिलं, तो फक्त म्हणाला, "घंटा वाजूक नाय." आणि पुढची सुपारी पात्यावर दाबली.

मी दिग्दर्शकाला फोन केला. त्याने उचलला, हे खरं. अदबीने बोलला. "काका, तो तुमचा राखणदार नाही, कल्पनेतला आहे." मी म्हटलं, मग पाषाण आमचा का, वहाणा आमच्या का, त्या मुलीची वाट आमची का, दार आमच्या आक्काचं का? "काका, सिनेमाची गरज असते." मग आणखी कोणाचा तरी फोन येतोय म्हणाला. ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत, एका ओळखीच्या साहेबांकडे गेलो. भला माणूस, सगळं ऐकून घेतलं. विचारलं, "यात नक्की फसवणूक कोणाची झाली?" मी म्हटलं, राखणदाराची. साहेबांनी चहा मागवला. चहा चांगला होता.

मग मी बाबलकडे गेलो. म्हटलं, उलटं गाऱ्हाणं घाल. त्याला सांग, ज्याने तुला बदनाम केलं त्याला बघून घे.

बाबलने मान हलवली. "तसा होणा नाय, भाई. त्येका तुझो म्हणान जप, असा आपणच सांगलाव. आपल्या तोंडान. आता त्येच्या वाकड्यात जा म्हणान कसा सांगूचा? राखणदार काय बाजारातलो दलाल आसा? तो जपतलोच त्येका. शब्द दिलोसा."

"मग?"

"ज्येच्यासाठी गाऱ्हाणा घातला, त्येनाच येवन सोडवक व्हया. दुसऱ्या कोणाक तो अधिकार नाय."

म्हणजे बघा. आजही तो सिनेमावाला मुंबईत रस्ता ओलांडतो, तेव्हा आमचा राखणदार काठी टेकत त्याच्या पुढे चालत असणार. त्याच्या पायात काटा मोडू देत नसणार. ज्याने त्याला खुनी केलं त्यालाच तो जपतोय, कारण आम्ही सांगितलंय. आणि इथे आक्काच्या दाराबाहेर तोच उभा राहतो तेव्हा आतून कडी लागते. जन्मभर मी सौदे केले, असा एकतर्फी सौदा मी पाहिलेला नाही.

आक्का चालली आहे. सोलणं संपलं की मुलाकडे, मुंबईला, उंच इमारतीतल्या दोन खोल्यांत. पिशवी भरून माजघरात ठेवली आहे. लुगडी, पानाचा डबा, देव्हाऱ्यातली एक मूर्ती. परवा राखण द्यायचा दिवस आहे. दर वर्षी रोट तिच्या हातचा असतो. या वर्षी तिने पीठ दळलं, आणि मला म्हणाली, "तूच ने. माझ्यान सातविणीकडे जावणा नाय." नव्या वहाणा कोनाड्यात आहेत. ती त्यांच्याकडे पाठ करून झोपते. ती गेली की या बागेला राखणदार असेल, पण त्याला जाऊन येते म्हणून सांगणारं कोणी नसेल.

म्हणून हे लिहिलं, आणि हे तुझ्यासाठी आहे. तुझं नाव घेत नाही, तुला कळेल. तुझ्या अंगठ्यावर व्रण असेल.

तू शब्द मोडलास. आम्ही आमचा अजून पाळतोय, म्हणून तू सुखरूप आहेस. परवा ये. दिवसाढवळ्या ये, भरल्या उन्हात. खळ्यात माणसं असतील. बाबल असेल, मंगल असेल, तुला सगळे तारे देणारा निलेशही असेल. मी तुझ्या अंगाला हात लावणार नाही, तो तुला जपतोय आणि त्याच्या शब्दाला मी धक्का लावत नाही. सातविणीखाली उभा राहा, आणि तेव्हा जेवढ्या मोठ्याने व्हय म्हाराजा म्हणालास तेवढ्याच मोठ्याने सांग, की वाट चुकलेल्या पोरीला त्याने घरी आणलं होतं आणि तू ते ऐकलं होतंस. त्याला तुझ्यापासून मोकळा कर.

मग आक्काच्या मागच्या दाराशी जा. ज्या उंबऱ्यावर तू त्याला खून करायला लावलास, तिथेच उभा राहा. आत एक म्हातारी बाई बसली आहे. तुझी भीती तिच्याकडे पडून आहे, ती परत ने. आणि तिला उत्तर दे. ती मला विचारते ते मी तुला विचारतोय. दारात येऊन त्याला दार बंद दिसतं, तेव्हा त्याला काय वाटत असेल?

कडी आतून आहे. हाक मार.